नवजात अर्भकाचें दुखणें व नव्या आईबापांचें कर्तव्य

(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-सभेंतील व्याख्यान)



महोत्सवाच्या आनंदांत मला जो विषय नेमून देण्यांत आला आहे, तो प्रथमदर्शनीं उत्सवास शोभणारा वाटणार नाहीं. परंतु कोणत्याहि जुन्या धर्मग्रामांतील नोंदवह्या उघडून पाहाव्या. एका वहींत बाप्तिस्म्याच्या नोंदी असतात, दुसरींत दफनाच्या. आणि या दुसऱ्या वहीच्या वयाच्या रकान्यांत वर्षांच्या ऐवजीं दिवस लिहिलेले वारंवार आढळतात. तीन दिवस, सात दिवस, अकरा दिवस. धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना ख्रिस्तमंदिर केव्हां बांधलें, शाळा केव्हां उघडली, हें आपण आवर्जून लिहितों. त्या दिवसांच्या नोंदी कमी होत गेल्या, हीहि त्याच इतिहासांतील गोष्ट आहे, आणि ती अद्याप पुरी झालेली नाहीं. म्हणून हा विषय महोत्सवास सोडून आहे, असें मला वाटत नाहीं.

आपल्या मराठवाड्यांत घरोघर पांचवी-सटवी पुजण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. सटवाई त्या रात्रीं येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहून जाते, असा समज. कोणी त्यास हंसेल. पण मला वाटतें कीं त्याच्या मुळाशीं एक खरें निरीक्षण असावें. अस्वच्छ हत्यारानें नाळ कापल्यामुळें होणारा धनुर्वात बहुधा तिसऱ्या दिवसापासून पुढें, पहिल्या पंधरवड्याच्या आंत दिसूं लागतो. धडधाकट जन्मलेलें मूल आठवडा भरण्याच्या सुमारास स्तन धरीनासें होतें, जबडा आंवळतो, अंग ताठतें, आणि पाहतां पाहतां तें हातचें जातें, हें आपल्या आज्या-पणज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. कारण दिसत नव्हतें, म्हणून तें कपाळीं लिहिलेलें ठरलें. पुढें कारण कळलें. गरोदरपणीं आईस लस, बाळंतपणांत स्वच्छ हात, स्वच्छ पातें व स्वच्छ धागा, एवढ्या साधनांनीं हा रोग इतका हटला कीं, २०१५ सालीं भारतांतून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. जें कपाळींचें म्हणून सोसलें, तें माणसाच्या हातानें पुसतां आलें.

माझें आजचें सर्व म्हणणें या एका गोष्टींत आहे. पहिल्या महिन्यांतील दुखण्यांत अटळ असें फार थोडें असतें. पुष्कळसें ऊब, दूध, स्वच्छता आणि वेळेवर उठणें यांवर अवलंबून असतें. आणि हें काम एकट्या बाळंतिणीचें नव्हे.

आंकड्यांनीं मी आपणांस शिणवणार नाहीं. पण दोन सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १६ मुलें पहिल्या वर्षाच्या आंत दगावलीं, आणि त्या १६ पैकीं ११ पहिल्या २८ दिवसांतच गेलीं. जगभरचा अनुभव असा आहे कीं, या पहिल्या महिन्यांतील मृत्यूंपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतले असतात. यावरून घरच्या माणसांनीं सर्वांत अधिक जागें केव्हां राहावें, हें आपोआप समजतें.

"हें सारें मोठ्या शहरांतल्या इस्पितळांचें काम, आमच्या खेड्यांत काय होणार?" असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्याच राज्यांत मिळालेलें आहे. आपल्या गंगाखेडावरून जी गोदावरी पुढें जाते, तीच राज्याच्या पूर्व टोंकास गडचिरोली जिल्ह्याच्या सरहद्दीवरून वाहते. त्या जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९३ ते १९९८ या काळांत एक प्रयोग केला. ३९ गांवांत त्या त्या गांवच्याच थोडें शिकलेल्या स्त्रियांना शिक्षण दिलें. बाळ जन्मतांना हजर राहणें, त्यानें श्वास न घेतल्यास पिशवीनें श्वास देणें, वजन करणें, ताप पाहणें, घड्याळ लावून श्वास मोजणें, गार पडलेल्या बाळास उबदार पिशवींत ठेवणें, आणि जंतुसंसर्गाचीं लक्षणें दिसल्यास औषध देणें, इतकीं कामें त्या करूं लागल्या. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत निकाल प्रसिद्ध झाला. त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु दर हजारीं ६२ वरून सुमारें २५ वर आले होते. जेथें ही व्यवस्था नव्हती अशा ४७ गांवांत मात्र ते जवळ जवळ पूर्वींइतकेच राहिले. माणसें तींच, गरिबी तीच. फरक इतकाच कीं कोणी तरी शिकून, वेळेवर, घरीं येत होतें.

त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा सेविकांकडे हें काम आलें. बाळ रुग्णालयांत जन्मलें असेल तर ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशीं तिनें घरीं यावयाचें असतें; घरीं जन्मलें असेल तर पहिल्या दिवशींहि. तिला दारांतून परत लावूं नका. नजर लागेल म्हणून बाळास गुंडाळून, झांकून ठेवूं नका. तिच्या तराजूंत बाळ घालणें म्हणजे अपशकुन नव्हे.

आतां एकेका त्रासाकडे वळूं.

पहिली गोष्ट ऊब. परभणीचा उन्हाळा जितका प्रसिद्ध, तितकाच हिंवाळाहि कडक. राज्यांतील नीचांकी तपमानाच्या बातम्यांत आपल्या शहराचें नांव वरचेवर येतें. आपण घोंगडी ओढून घेतों. पण नवजात बालकास, विशेषतः अडीच किलोहून कमी वजनाच्या बालकास, स्वतःची ऊब राखण्याचें बळ नसतें. त्याच्या अंगाचें तपमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावें. तपमापक जवळ नसेल तर हाताच्या पालथ्या बाजूनें त्याचें पोट व तळपाय पाहावे. पोट उबदार व तळपाय गार असतील तर थंडी लागूं लागली आहे. दोन्ही गार असतील तर धोका जवळ आला आहे. जन्मल्यावर निदान एक दिवस त्यास अंघोळ घालूं नये. कोंडलेल्या खोलींत बाजेखालीं शेगडी ठेवून धूर करणें म्हणजे ऊब देणें नव्हे. त्या धुरानें कोंवळीं फुफ्फुसें गुदमरतात.

सर्वांत उत्तम शेगडी आईची छाती. कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं डॉ. एडगर रे यांनीं १९७८ सालीं, ऊब देणाऱ्या पेट्या पुरत नाहींत म्हणून, अपुऱ्या दिवसांचीं बाळें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्यास आरंभ केला. अडचणींतून निघालेला हा उपाय पेटीच्या तोडीचा, किंबहुना सरस ठरला. भारतासह पांच देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जन्मानंतर लगेच ही छातीची ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यु चतुर्थांशानें कमी झालेले आढळले. हें काम बापाच्या, आजीच्या किंवा मावशीच्या छातीवरहि होतें. बापांनीं लाजण्याचें त्यांत कांहीं नाहीं.

दुसरी गोष्ट दूध. बाळंतिणीचा पहिला पिवळसर, दाट चीक पिळून टाकून द्यावयाचा आणि बाळास मधाचें बोट, गुळाचें पाणी किंवा गुटी चाटवावयाची, ही चाल अजूनहि पुरती गेलेली नाहीं. वास्तविक तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होय. जन्मल्यापासून एका तासाच्या आंत बाळास छातीशीं लावावें व सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहीं देऊं नये. पहिल्या आठवड्यांत बाळाचें वजन किंचित् घटतें. शंभरांत दहापर्यंतची घट दिसली तरी, बाळ नीट पीत असल्यास, घाबरूं नये. दहा ते चौदा दिवसांत तें भरून येतें. दूध पुरतें कीं नाहीं हें बाळाच्या रडण्यावरून ठरवूं नये. पांचव्या-सहाव्या दिवसापासून तें दिवसांत सहा वेळां तरी लघवी करीत असेल, तर दूध पुरतें असें समजावें. अशक्त बाळास ओढतां येत नसेल, तर आईनें दूध स्वच्छ वाटींत काढून चमच्यानें पाजावें. बाटलीस घरांत थारा देऊं नये. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती याच जाणिवेनें कीं, अशक्त बाळास स्वतःच्या आईचें दूध मिळत नसेल, तर दुसऱ्या एखाद्या आईचें मिळावें.

तिसरी कावीळ. निम्म्याहून अधिक बाळांच्या अंगावर पहिल्या आठवड्यांत पिवळेपणा दिसतो व बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. परंतु जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोंचलेली कावीळ, व पीत नसलेल्या किंवा सुस्त पडलेल्या बाळाची कावीळ, हिला त्याच दिवशीं डॉक्टर दाखविले पाहिजेत. कारण ती मेंदूंत उतरली म्हणजे बाळ वांचलें तरी जन्माचें अपंग होऊं शकतें. कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली व शौचाचा रंग पांढुरका असला, तर यकृताचा विकार असूं शकतो. त्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आंत होईल तितकी बरी. इंग्लंडांत रॉचफर्ड येथील इस्पितळांत १९५६ च्या सुमारास एका परिचारिकेच्या ध्यानांत आलें कीं, अंगणांत उजेडांत नेलेल्या बाळाचा उघड्या अंगावरचा पिवळेपणा फिका होतो आणि झांकलेल्या भागावरचा तसाच राहतो. त्या निरीक्षणांतून निळ्या प्रकाशाखालीं ठेवण्याचा आजचा उपचार निघाला. यावरून "कोंवळें ऊन दाखविलें म्हणजे झालें" असें मात्र कोणी समजूं नये. वाढलेल्या काविळीस उन्हावर सोडणें म्हणजे पेटलेल्या घरावर चुळा टाकणें होय.

चौथा, आणि सर्वांत लबाड, जंतुसंसर्ग. मोठ्या माणसास ताप भरतो, तो कण्हतो. नवजात बालक मात्र गप्प होतें. म्हणून हीं लक्षणें घरांतील प्रत्येकानें पाठ करावीं: बाळ पिईनासें होणें, ढिलें व सुस्त पडणें, अंग तापणें किंवा गार पडणें, मिनिटांत साठ किंवा अधिक श्वास घेणें, श्वासागणिक छाती आंत ओढली जाणें, झटके येणें, नाळेभोंवतीं लाली किंवा पू दिसणें. यांपैकीं एक जरी दिसलें, तरी "उद्यां सकाळीं पाहूं" हे शब्द तोंडांतून काढूं नयेत. नाळेस हळद, राख, तेल कांहीं लावूं नये. ती कोरडी ठेवावी. मेळघाटांत पोट फुगलेल्या बाळास तापल्या लोखंडाचे डाग देतात, त्यास डंबा म्हणतात. आपल्याकडेहि असलें कांहीं सुचविणारें माणूस कोणाच्या घरांत निघालें, तर त्यास हात जोडून, पण ठामपणें, दूर ठेवावें. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. २०११ सालीं सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालीं सरकारी रुग्णालयांत आजारी नवजाताचे उपचार, औषध व वाहन विनामूल्य आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचें कारण उरलेलें नाहीं. वाटेंत बाळास छातीशीं धरून न्यावें. पीत असेल तर पाजीत न्यावें.

येथून पुढें खरी कसोटी आईबापांची. बाळ विशेष कक्षांत, नाकांत नळी, पायास सुई, आणि हीं दोघें दाराबाहेर. यंत्र वाजलें कीं काळजांत धस्स होतें. अशा वेळीं मी त्यांना चार गोष्टी सुचवीन. एक लहान वही करावी व डॉक्टर भेटतील तेव्हां रोज तेच प्रश्न विचारून उत्तरें लिहावीं: आज वजन किती, दूध किती गेलें, श्वास कसा आहे, काल आणि आज यांत काय बदल. नातलगांपैकीं एकानेंच डॉक्टरांशीं बोलावें. आईनें रात्रंदिवस, दर दोन-तीन तासांनीं, दूध काढीत राहावें. तें बाळाचें औषध आहे, आणि तिलाहि बाळासाठीं कांहीं करीत असल्याचा आधार आहे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आंत तपासून घ्यावा. घरीं जाण्याच्या आनंदांत ही गोष्ट विसरते, आणि मग आयुष्यभराचें अंधत्व पदरीं येऊं शकतें.

या सर्वांत आईच्या मनाचा विचार कोण करतो? "दिवसांत जड उचललेंस," "ग्रहण पाळलें नाहींस," "पायगुणच असा," असे शब्द त्या बाळंतिणीस ऐकावे लागतात. अपुऱ्या दिवसांचें बाळ कोणाच्या पायगुणानें जन्मत नाहीं. रडें थांबत नाहीं, झोंप येत नाहीं, बाळाकडे पाहावेसें वाटत नाहीं, अशी स्थिति दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर तो आळस किंवा पाप नसून आजार आहे, व त्यास औषध आहे. सासूबाईंनीं अशा सुनेस उपदेश करण्यापेक्षां दोन तास बाळ सांभाळून तिला झोंपूं द्यावें.

आणि बाप? पहिलें बाळंतपण माहेरीं, म्हणून बाप दुसऱ्या गांवीं. बाळ आजारी पडलें कीं माहेरचे म्हणतात, "जांवईबापूंस विचारल्यावांचून कसें न्यावें?" आणि जांवई म्हणतो, "वडिलांना विचारून सांगतों." एवढ्यांत रात्र जाते. संत योसेफास स्वप्नांत इशारा मिळाला, तेव्हां तो त्याच रात्रीं उठला आणि बाळ व त्याची आई यांना घेऊन निघाला. त्यानें उजाडण्याची वाट पाहिली नाहीं. प्रत्येक बापानें बाळंतपणाच्या आधींच माहेरच्यांना सांगून ठेवावें कीं, "मला कळवा, पण माझी वाट पाहूं नका." आणि मूल मुलगी असेल तर? देशांतील नवजात-कक्षांत मुलग्यांपेक्षां मुली कमी आणल्या जातात, ही नोंदलेली गोष्ट आहे. ज्या समाजांत प्रत्येक जीव देवाच्या प्रतिरूपाचा मानतात, त्या समाजांतून तरी ही लाज जावी.

आपल्या जिल्ह्याची एक विशेष अडचण येथें सांगणें जरूर आहे. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीस जातात. ऐन थंडींत, उसाच्या फडाशेजारीं, पाचटाच्या कोपींत बाळंतपण होतें. गांवची आशा गांवीं राहते आणि तेथल्या आशेच्या यादींत ही बाई नसते. उचल घेतलेली असते, म्हणून आई चार दिवसांत पुन्हां कामावर उभी राहते. टोळींत कोणी गरोदर स्त्री असेल, तर निघण्यापूर्वीं तिचें माता-बाल कार्ड तिच्या हातीं द्यावें, जेथें जावयाचें तेथल्या आरोग्यकेंद्राची चौकशी करावी, आणि शक्य तर शेवटच्या महिन्यांत तिला गांवींच ठेवावें. मागें राहिलेल्या बाईच्या पोटापाण्याची चार आठवड्यांची सोय करणें शेजाऱ्यांस जड नाहीं.

शेवटीं एक कठीण गोष्ट. इतकें सर्व करूनहि कांहीं बाळें जातात. बाळ अत्यवस्थ असेल तर ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें, धर्मगुरु वेळेवर येऊं शकत नसल्यास, योग्य हेतूनें कोणीहि माणूस पाणी ओतून त्रैक्याच्या नांवानें बाप्तिस्मा देऊं शकतो, परिचारिकादेखील. तेवढ्याकरितां उपचार थांबवूं नये किंवा बाळास हलवूं नये. आणि बाप्तिस्म्यावांचून बाळ गेलें म्हणून वर्षानुवर्षें मनांत कुढत असलेल्या आया आपल्यांत असतील, तर त्यांना माझें सांगणें कीं, २००७ सालीं रोम येथील आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानें या प्रश्नाचा विचार करून, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत, असें प्रतिपादन केलें आहे. अशा बाळाच्या घरीं जातांना "दुसरें होईल" असें म्हणूं नये. त्याचें नांव ठेवलें असेल तर त्या नांवानें त्याचा उल्लेख करावा, आणि शांतपणें शेजारीं बसावें.

महोत्सवाची आठवण म्हणून आपण काय करूं शकतों, एवढें सांगून मी आपली रजा घेतों. धर्मग्रामांतील प्रत्येक वाडींत शिकलेल्या दोन स्त्रियांनीं वर सांगितलेलीं लक्षणें शिकून घ्यावीं. एक तपमापक व वाहनवाल्यांचे दूरध्वनि क्रमांक त्यांच्या घरीं कायम असावेत. जिल्ह्याच्या रुग्णालयांत बाळ असलेल्या आईस रोज एक डबा पोंचविण्याची पाळी मंडळींनीं वांटून घ्यावी. विवाहपूर्व शिकवणुकींत एक तास या विषयास द्यावा, आणि त्या तासाला मुलाकडच्या मंडळींनींहि बसावें. याला मोठा निधि लागत नाहीं. रात्रीं दार वाजलें असतां उठण्याची तयारी मात्र लागते. ती तयारी आपल्या प्रत्येक घरांत असो, हीच प्रार्थना.